मोजणी चालू आहे, राक्षसाने थांबावे

एकदा उघडून झालेलं दार पुन्हा उघडताना माणसाच्या चेहऱ्यावर जे शौर्य असतं, ते पहिल्या वेळी नसतं. पहिल्या वेळी निदान भीती असते. दुसऱ्या वेळी आपण आता अनुभवी झालो आहोत एवढंच आठवतं. अनुभव काय आला होता, ते आठवत नाही.

आम्ही चौघं असेच एका दारासमोर उभे होतो. म्हणजे मी नंदुरबारला माझ्या दिवाणावर होतो, साडूभाऊ सुरतेला दुकानाच्या गादीवर, पुतणी आणि जावईबापू जर्मनीत त्यांच्या स्वयंपाकघरात. पण दार चौघांचं एकच होतं. भाचा पुण्याहून वर्णन ऐकवत होता. ओलसर भिंत, गंजलेली कडी, फटीतून येणारा कुबट वास. साडूभाऊंनी दाराला कान लावला. पुतणीने मंत्र म्हणून उजेड पाडला. मी कमरेला दोर बांधला. जावईबापूंनी लाथ घातली. आत खोली होती, खोलीत आमचाच तुटका दोर लोंबत होता आणि जमिनीवर शेंगांची टरफलं पडली होती. आमच्यात शेंगा फक्त साडूभाऊ खातात.

"इथे तुम्ही येऊन गेलाय," भाचा म्हणाला.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. तेव्हाही लाथच घातली होती."

या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एकाने सूत्रधार व्हायचं, त्याला डंजन मास्टर म्हणतात. त्याने एक जग रचायचं. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या जगात शिरायचं, आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फाशांवर सोडायचं. त्यातला मुख्य फासा वीस पैलूंचा. पट असलाच पाहिजे असं नाही. निम्मं जग नुसतं बोलण्यात असतं, आणि नेमकं तेच निम्मं पुढच्या आठवड्यात कुणाच्या लक्षात नसतं. टाळेबंदीत भाच्याने हा खेळ घरात आणला, तोही ऑनलाइन. टाळेबंदी उठली, पण आमची गुहेतून सुटका झाली नाही. वाट सापडली असती तर झाली असती.

भाच्याने जग रचलं ते आपल्याच जिल्ह्यावरून. हे मूल १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्यानंतर जन्मलेलं, म्हणजे धुळे जिल्ह्यात राहणं काय असतं हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या जगाची राजधानी म्हणजे लाल डोंगरांचं शहर. ते डोंगर मिरचीचे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला जास्त सांगायला नको. त्या शहरात लपूनछपून काही करता येत नाही, कारण भिंतीआड दबा धरला की ठसका लागतो. साडूभाऊंचं पात्र चोराचं. बिचाऱ्यांना त्या शहरात आजवर एकही चोरी करता आलेली नाही. सगळा माल त्यांनी रोख पैसे मोजून घेतला आहे आणि पावत्या जपून ठेवल्या आहेत.

शहराच्या उत्तरेला सातपायरी घाट. वर तोरणमाळसारखं पठार, त्यात तलाव, तलावात काहीतरी. वेशीवर एक गॉब्लिन पहारेकरी आहे, तो अहिराणी बोलतो. आम्ही दिसलो की विचारतो, "कथा जाई ऱ्हायनात रे भो?" आणि हा प्रश्न असा आहे, की त्याला आम्हा चौघांपैकी एकालाही कधी उत्तर देता आलेलं नाही.

पश्चिमेला दोन राज्यांच्या सीमेवर एक खानावळ आहे. ही त्याने नवापूर स्टेशनावरून उचलली. नवापूरचं स्टेशन आधीचं, महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं १ मे १९६० ची. त्यामुळे सीमारेषा फलाटावरूनच जाते, आणि तिथे एक बाक असं आहे की एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. भाच्याच्या खानावळीतही असंच बाक आहे. उधारी एका राज्यात करायची आणि तगादा आला की तीन फूट सरकायचं. सुरतेचे असल्यामुळे साडूभाऊंना ही जागा पहिल्या भेटीतच आवडली. प्रत्येक भेट त्यांना पहिलीच वाटते, हा भाग वेगळा.

आम्ही कुठे कुठे फिरून आलो हे लक्षात राहत नाही, हे एकदाचं सिद्ध झाल्यावर भाच्याने कुटुंबाची बैठक घेतली. खेळ नवा होता, म्हणजे आमचा नव्हे, अमेरिकनांचा, तेव्हा म्हणे खेळाडूंपैकी एकाला चौकटीचा कागद देऊन नकाशा काढायला बसवत. सूत्रधार सांगायचा, 'तीस फूट पुढे, मग डावीकडे फाटा', आणि त्याने रेघा मारायच्या.

"मामा, तुम्ही घ्या ते काम. तुमचं सगळं आयुष्य मोजणीत गेलंय."

हे खरं होतं. या जिल्ह्यातली कितीतरी शेतं मी मोजली, हद्दीचे दगड दाखवले, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झालो. त्यामुळे मी काम घेतलं, पण रीतसर घेतलं. पहिली अडचण मापाची. या खेळात एक चौकोन पाच फुटांचा. माझा हात ३३ फुटांच्या साखळीवर बसलेला. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्यात पाच फुटी चौकोन बसतात ४३ आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त उरतो. माझा अनुभव असा, की भावकीतले सगळे खटले त्या उरलेल्या अर्ध्यावरच उभे राहतात. मी हे भाच्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ही गुहा आहे. बिनशेती आहे." मी म्हटलं, "आदेश दाखव."

दुसरी अडचण वेगाची. चतुःसीमा लिहिल्याशिवाय मी पुढच्या खोलीत पाऊल टाकत नसे. पूर्वेस दलदल, पश्चिमेस राक्षसाची वहिवाट, दक्षिणेस पडीक देऊळ, उत्तरेस नदी. एकदा भाचा म्हणाला, "बोगदा पुढे वळतोय."

"किती अंशांत?"

"मामा, मागून राक्षस येतोय."

"किती अंशांत वळतोय ते सांग."

"राक्षसाच्या हातात कुऱ्हाड आहे."

"असू दे. मोजणीच्या वेळी सगळ्यांच्याच हातात असते."

पुतणीने तिच्या मंत्राने मला उचलून पळवलं, म्हणून तो नकाशा आज शिल्लक आहे. पण जुळत नाही. आम्ही निघालो होतो त्याच खांबापाशी परत आलो आणि कागदावर मात्र खांबापासून पंधरा फूट बाहेर पडलो. नंतर कळलं, की भाच्याने १९७४ च्या त्या मूळ पुस्तिका मिळवून वाचल्या होत्या. नकाशा काढणाऱ्याला कसं फसवायचं याचीच शिकवण त्यात जागोजागी आहे. कळणारही नाही इतक्या हलक्या उताराची वाट, पाठ वळली की सरकणारी भिंत, वगैरे. म्हणजे नकाशा काढण्याचं काम खेळाडूवर सोपवणारे आणि तो चुकावा म्हणून झटणारे एकच. हे वाचून मला नोकरीतले दिवस आठवले.

"मी या पंधरा फुटांवर अपील करणार."

"कुणाकडे?"

"वरिष्ठांकडे."

"मामा, या जगात मीच वरिष्ठ आहे."

मग मी नैनसिंह रावतांचा दाखला काढला. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याचा हा कुमाऊँचा पंडित १८६५ साली निघाला आणि यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेला. हातातली माळ १०८ मण्यांची असायला हवी, ती होती १०० ची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. लोकांना वाटे, जप चाललाय. प्रत्यक्षात तिबेट मोजून होत होता. मी माझ्या पात्रासाठी अशीच माळ मागितली. भाच्याने दिली. वर अटही घातली, की पावलं मी स्वतः मोजायची, मोठ्याने, खेळ चालू असताना. पुढचा तासभर साडूभाऊ गॉब्लिनशी भाव करत होते, पुतणी जादूगाराला शाप देत होती आणि मी मागे "एकेचाळीस, बेचाळीस" करत होतो. स्वयंपाकघरातून मामी, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या, "मनातल्या मनात जप केला तरी देवाला पोचतो."

कागद संपला, माळ संपली, मग आलं तंत्रज्ञान. अशा खेळांसाठी रोल-ट्वेंटी नावाची एक जागा २०१२ पासून इंटरनेटवर आहे. तिथे पट पडद्यावर दिसतो आणि त्यावर धुकं पसरलेलं असतं. जिथे जाल तिथलं धुकं सूत्रधार बाजूला सारतो. आपण पाहिलेलं उघडं, न पाहिलेलं झाकलेलं. कल्पना इतकी सुंदर, की ती आमच्या कुटुंबात टिकणं शक्यच नव्हतं. पहिल्याच रात्री भाच्याचं बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि सगळं धुकं एकदम विरलं. खजिने, भुयारं, तलावातलं ते काहीतरी, सगळं लख्ख.

"डोळे मिटा!" भाचा ओरडला.

डोळे कुणीही मिटले नाहीत. चौघांनीही पडद्याचे फोटो काढले. जावईबापूंनी तर तो फोटो तत्परतेने घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, म्हणजे गहाळ व्हायला नको. तो गहाळ झाला नाहीच, तो अजूनही तिथेच आहे. त्यावर त्या दिवसापासून शुभ सकाळचे गुलाब, एका आत्याच्या गुडघ्याचा एक्स-रे, दोन साखरपुडे आणि हळदीच्या दुधाचे फायदे साचले आहेत. एवढं उकरण्यापेक्षा गुहा पुन्हा शोधणं सोपं.

त्यानंतर भाच्याला स्थानिक अभिमान सुचला. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. मग आपल्या गुहांनी काय घोडं मारलंय? त्याने प्रत्येक गुहेला, पुलाला आणि झाडाला बारा अंकी क्रमांक दिला. आता कुणी फसायला नको. पुढच्या खेळाला तो म्हणाला, "तुम्ही ४७०२ ने सुरू होणाऱ्या विहिरीपाशी आहात." साडूभाऊ म्हणाले, "थांब भो, ओटीपी येऊ दे."

आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून मग नावं ठेवायची ठरली, आणि पुतणीने सगळ्यांना लिहिता येईल असा तक्ता तयार केला. तक्ता झपाट्याने भरला. ठिकाणांची संख्या पाहून ऊर भरून आला. एवढं जग आपण पालथं घातलंय! त्यात एक होता 'मुतखड्याचा पूल' (तिथे खेळताना मला कळ आली होती), एक 'रड्या पूल' (तिथे पुतणीचं घुबड मेलं), एक 'सत्तर मोहरांचा पूल' आणि एक 'ब्रिज'. हा शेवटचा जावईबापूंचा. आम्ही मोठ्या तयारीने, शिधा बांधून, रड्या पुलावरून सत्तर मोहरांच्या पुलाकडे कूच केलं. चालून चालून दमलो तेव्हा भाच्याने सांगितलं, की या नदीवर पूल एकच आहे आणि आपण तो सारखा ओलांडतो आहोत. गॉब्लिनने टोल मात्र दर खेपेला घेतला होता.

जावईबापूंविषयी थोडं सांगायला हवं. माणूस अत्यंत सज्जन. दिशाज्ञान नाही, पण आत्मविश्वास आहे, आणि जगात पुढारी याच मिश्रणातून होतात. फाट्यावर ते म्हणणार, "उजवीकडे." उजवीकडे खड्डा आहे हे साडूभाऊंना माहीत असतं, मला माहीत असतं, त्यांच्या बायकोला तर पक्कं माहीत असतं. पण जावयाला 'तुम्ही चुकताय' म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही तिघंही "हो हो, उजवीकडेच" म्हणतो आणि रांगेने खड्ड्यात जातो. भाच्याच्याही जिवावर येतं. घरच्या जावयाचं किती नुकसान करायचं? त्याने आधी खड्ड्यातले भाले काढले, मग पाणी काढलं. हल्ली तिथे गादी आहे.

आणि अगदीच वाट चुकली तर म्हातारा येतो. अस्तंब्याच्या डोंगरावर, चार हजार फुटांहून उंच, अश्वत्थामा फिरतो, कपाळीच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला रस्ता दाखवतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दिवाळीत तिथे यात्रा भरते. भाच्याने आदरपूर्वक त्याच धर्तीचा एक म्हातारा आमच्या मदतीला ठेवला. बेत असा होता, की साऱ्या मोहिमेत तो एकदाच भेटेल, गूढ आवाजात तेल मागेल आणि आमच्या अंगावर काटा येईल. पहिल्यांदा आलाही. आता तो आम्हाला नावाने ओळखतो. परवा तेल न मागताच वाट दाखवून निघाला होता. साडूभाऊंनी हाक मारून दिलं. म्हणाले, "व्यवहार तो व्यवहार."

साडूभाऊंच्या या स्वभावातच उपाय दडलेला होता. पुतणी एकदा वैतागून म्हणाली, "कुणीच काही लिहून ठेवत नाही का?" तेव्हा ते संकोचून म्हणाले, "मी ठेवतो, पण फक्त खर्च." आणि त्यांनी लाल कापडात बांधलेली वही कॅमेऱ्यासमोर धरली. पहिल्या दिवसापासूनचा जमाखर्च! 'टोल, पूल, ७.' 'दोर, नवा, जुना तुटला सबब, १२.' 'तेल, म्हातारा.' 'तेल, म्हातारा.' 'तेल, म्हातारा, पुन्हा.' 'जावईबापू, खड्डा, औषध.' ती पानं चाळताना आमचा सारा प्रवास डोळ्यांपुढून सरकत गेला. माझ्या नकाशात रस्ते होते, पण ते जुळत नव्हते. पुतणीने लिहून ठेवलं होतं, पण फक्त तिच्याशी उद्धटपणे बोललेल्यांची नावं. घराण्यातल्या बायकांची ही यादी मला परिचयाची आहे, तिच्यात खाडाखोड होत नसते. जावईबापूंकडे चांगल्या सूर्यास्तांचे तपशील होते. ज्याला जिथे लागलं तेवढंच त्याने टिपलं होतं. दारं कुणालाच लागली नव्हती, म्हणून दारं कुणीच टिपली नव्हती.

हे सगळं एका ठिकाणी आणायला हवं, असं पुतणीच्या मनाने घेतलं. तिच्या वाचनात बेन रॉबिन्स नावाच्या एका अमेरिकन सूत्रधाराचा खेळ आला होता, 'वेस्ट मार्चेस' नावाचा. त्यात खेळाडू डझनभर, दरवेळी निराळे चार जण मोहिमेवर जायचे, आणि सगळ्यांसाठी नकाशा एकच. तो म्हणे खानावळीच्या टेबलावरच कोरलेला! जो परत येईल त्याने आपण पाहिलेलं त्यात भरायचं.

"आपल्याकडे सीमेवरचं बाक आहेच," ती म्हणाली. "त्यावर कोरू."

कल्पनेचं जोरदार स्वागत झालं. भाचा तेवढा गप्प होता. "नक्की कोरायचंय?" त्याने विचारलं. नक्की. "सुताराला बोलावू?" बोलव. "मोहरा आगाऊ द्याव्या लागतील." साडूभाऊंनी घासाघीस करून दिल्या. मग एक मुद्दा निघाला, की अर्धा नकाशा एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात जाणार, तेव्हा हद्दीवरच्या नद्यांचं काय. त्यावर माझं थोडं बोलून झालं. अखेर सुतार आला, त्याने बाकावरची सतरंजी उचलली, आमच्याकडे पाहिलं आणि अहिराणीत काहीतरी पुटपुटत किकरं परत पिशवीत टाकलं.

बाकावर नकाशा कोरलेला होता. पूर्ण. पूर्वेस दलदल, पश्चिमेस राक्षसाची वहिवाट.

"हे तर काकांचं अक्षर आहे," पुतणी म्हणाली.

साडूभाऊ मागची पानं उलटत होते. "सापडलं. 'सुतार, बाक, कोरणावळ, ४०.' पोळ्याच्या सुमारास."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणी हिशोब मागितला नाही."

भाच्याच्या खिडकीत नुसती खुर्ची दिसत होती. तो पाणी प्यायला उठून गेला होता. आम्ही बाकावर वाकलो. माझं काम चोख होतं, स्वतःच्या तोंडाने सांगतो. पुलांची नावं चारही होती. खड्ड्यावर खूण होती. आणि घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे गेल्याचं आमच्यापैकी कुणालाही स्मरत नव्हतं, तिथे कोरलं होतं: 'उत्तरेस दार. उघडू नये.'

"का उघडू नये?" जावईबापूंनी विचारलं.

मला सांगता येईना. साडूभाऊंनी वहीत बोट घातलं. "त्या दिवशी औषधपाण्याला ९० मोहरा लागल्यात."

"म्हणजे आत काहीतरी आहे."

"असणार."

"काय?"

"ते लिहिलेलं नाही. रक्कम लिहिलीय."

भाचा परत आला तेव्हा आमचं मत पडलं होतं. ९० मोहरा शिलकीत आहेत, शिवाय तेलही आहे. जावईबापूंनी उजवीकडे बोट दाखवलं आणि आम्ही दार उघडायला निघालो.